हिमालयनला सॅडल स्टे आणि पॅनियर: दसरा ते संक्रांत

दसऱ्याच्या आठवड्यात सुरू केलेलं काम परवा संक्रांतीच्या सुमारास खऱ्या अर्थाने संपलं. गाडी २०२१ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११. चालवते मी, मागे नवरा बसतो. दोघं बसलो की सीटवर सामानाला जागा उरत नाही आणि मूळ कॅरियरवर रचून बांधलेल्या बॅगेने गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं, हे घाटात प्रत्येक वळणावर जाणवायचं. डिसेंबरात कोकण किनाऱ्याने चार दिवस फिरायचं ठरलं, तेव्हा दोन्ही बाजूंना पाइपच्या चौकटी, म्हणजे सॅडल स्टे, बसवून त्यावर बाजूच्या बॅगा, म्हणजे पॅनियर, लावायच्या असं पक्कं केलं. सुरुवातीला शोधायला बसले तेव्हा जे मिळत होतं ते बहुतेक "कुठली बॅग चांगली" एवढंच होतं. बसवताना काय काय समोर येतं, कुठे थांबावं लागतं आणि कुठे दुकानदाराला "नाही" म्हणावं लागतं, हे सगळं एका जागी असावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न पेट्या की बॅगा. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या दिसायला भक्कम असतात, कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही. पण रिकाम्या पेटीचं वजनच काही किलो भरतं आणि गाडी आडवी झाली तर पाय पेटी आणि जमिनीच्या मध्ये सापडायची भीती असते. शिवाय जोडीची किंमत माझ्या ऐपतीबाहेर होती. कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही. कच्च्या रस्त्यावर आणि वाळूत जाणाऱ्याने हा फरक नीट विचारात घ्यावा. मी कापडी घेतल्या. त्या बदल्यात स्टे मात्र चांगल्यातले चांगले घ्यायचे ठरवले, कारण सगळा भार शेवटी त्या पाइपवरच येतो.

त्यानंतर घरात पडलेले दोन पुठ्ठ्याचे खोके मी बॅगेच्या मापाने कापले आणि दोरीने गाडीला दोन्ही बाजूंनी बांधून पार्किंगमध्ये गाडी हलवून बघितली. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य. हिमालयनची कागदावरची रुंदी ८४० मिलिमीटर, म्हणजे हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत. बॅगांची रुंदी त्याच्या आसपास राहिली तर जिथून हँडल जातं तिथून मागचाही भाग जातो, नजर आणि सवय दोन्ही बदलावी लागत नाहीत. या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे, त्यामुळे उजवी बॅग आपोआप बाहेर सरकते. पहिल्या मापात माझी एकूण रुंदी मीटरच्या पुढे गेली. म्हणून ५५ लिटरची जोडी सोडून कमी जाडीची, साधारण ४० लिटरची जोडी निवडली. लिटर बघून खरेदी केली की मग ते भरायचा मोह होतो, आणि भरलेलं सगळं गाडीला ओढावं लागतं.

वजनाचा हिशेब इथेच सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हिमालयनच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १४६५ मिलिमीटर. मागच्या आसाच्या ३०० मिलिमीटर मागे, म्हणजे टॉप बॉक्स (सीटच्या मागचा सामानाचा डबा) असतो साधारण तिथे, १० किलो ठेवले तर पुढच्या चाकावरचं वजन जवळपास २ किलोने कमी होतं आणि मागच्यावर १० ऐवजी १२ किलो चढतात. तेच १० किलो आसाच्या २०० मिलिमीटर पुढे ठेवले तर पुढच्या चाकावर उलट सव्वा किलोच्या वर भर पडते. आकडे लहान वाटतील, पण मागे माणूस बसलेला असतो, त्याचं वजन आधीच मागच्या चाकाजवळ असतं. म्हणून स्टे निवडताना "बॅग जितकी खाली आणि जितकी पुढे बसेल तितकी बरी" हा एकच निकष मी लावला. अर्थात पुढे किती सरकवता येईल याला मागे बसणाऱ्याच्या पोटरीची मर्यादा आहे. खोके बांधलेले असतानाच नवऱ्याला मागे बसवून पाय फूटरेस्टवर ठेवायला लावले आणि खडूने खूण केली.

आता कागदोपत्री भाग. गाडीत काही बदल केला की आरटीओचं काय, ही धास्ती मलाही होती. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये बदल म्हणजे काय ते दिलेलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. बोल्टने बसणारा, काढता येणारा स्टे त्यात बसत नाही असा माझा समज होता, तरी पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत दुसऱ्या कामासाठी गेले होते तेव्हा विचारून घेतलं. तोंडी उत्तर मिळालं: आरसीवर नोंद लागत नाही, पण नंबरप्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले तर दंड होईल. हे लक्षात ठेवा, कारण बाजारातले काही स्टे इंडिकेटरच्या अगदी समोर येतात.

दुसरा नियम फार कमी लोकांच्या बोलण्यात येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची पकड, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे आपला साडीगार्ड. २०२० मध्ये याच नियमात सामानाच्या डब्याबद्दल भर पडली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर मागे कुणाला बसवता येणार नाही, त्याच्या मागे असेल तर चालेल. टॉप बॉक्सचा विचार करणाऱ्यांनी टेप घेऊनच दुकानात जावं.

साडीगार्डचा मुद्दा माझ्या बाबतीत पुढे थेट कामाला आला. स्टेची ऑर्डर मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन दिली. किंमत ४,२०० रुपये, कर धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांच्या गटातले सुटे भाग १८ टक्क्यांवर आल्याने थोडा फायदा झाला. जुना साठा विकणारा दुकानदार जुनाच दर लावत नाही ना, हे बिलात बघून घ्या. बॅगा ९,६०० रुपयांच्या, त्या पुण्यातच दुकानात जाऊन हाताळून घेतल्या. बॅगेचे पट्टे, बकल आणि मागची कडक पाटी यांना हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पाटी मऊ असेल तर भरलेली बॅग स्टेच्या चौकटीतून आत फुगते आणि चाकाकडे जाते.

स्टे दिवाळीच्या गर्दीत कुरियरमध्ये अडकले. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, पार्सल घरी आलं ते भाऊबीजेनंतर. उघडलं तर डाव्या बाजूचे दोन स्पेसर (मधली फट भरणारे धातूचे तुकडे) आणि दोन्ही बाजूंना जोडणारी मागची आडवी पट्टी नव्हती. फोटो काढून मेल केला. उत्तर आलं, मग पुन्हा आठवण, मग पुन्हा उत्तर, आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडल्यावर पट्टी आली, स्पेसर नाहीतच. पार्सल उघडताना व्हिडिओ काढलेला असल्यामुळे वाद झाला नाही, एवढं सांगते. ही आडवी पट्टी नंबरप्लेटच्या मागून जाते आणि दोन्ही स्टे एकमेकांना धरून ठेवते. ती नसेल तर खड्ड्यात प्रत्येक स्टे स्वतंत्र लवतो, आतल्या बाजूला म्हणजे चाकाकडे. "पट्टीशिवाय पण चालतं" असं मला दोन ठिकाणी सांगितलं गेलं. भरलेल्या बॅगांना ते चालत नाही.

माहितीपत्रकात डावा स्टे बसवण्यासाठी साडीगार्ड काढून टाका असं लिहिलेलं होतं. नियम १२३ वाचलेला असल्यामुळे मी त्याला तयार नव्हते. नवरा मागे बसतो तसा कधी त्याचा पावसाळी कोट, कधी आईची साडीही त्या चाकाशेजारी असते. भोसरी एमआयडीसीत एक फॅब्रिकेटर काका आहेत, त्यांच्याकडे स्टे आणि साडीगार्ड दोन्ही घेऊन गेले. त्यांनी साडीगार्डचे मूळ कान (बोल्ट लावायच्या पट्ट्या) कापून स्टेच्या पाइपवर दोन छोट्या पट्ट्या सीओटू वेल्डिंगने बसवून दिल्या. पाइपची जाडी आधी मोजली, कॅलिपरने दोन मिलिमीटर भरली. पातळ पाइप असता तर वेल्डिंगची उष्णता त्याला कमकुवत करते म्हणून त्यांनी पट्टा आवळून बसवला असता. दोन गोष्टी त्यांनी आवर्जून सांगितल्या. एक, गाडीच्या चासीला वेल्डिंग कधीही करू द्यायचं नाही. दोन, कुठलंही वेल्डिंग गाडीवर भाग चढवलेला असताना करायचं नाही, करावंच लागलं तर बॅटरी आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) सोडवून. बीएस-६ गाडीचा ईसीयू जळाला तर स्टेच्या कित्येक पट खर्च येतो. वेल्डिंग आणि त्यानंतरचं काळं पावडर कोटिंग मिळून ९०० रुपये झाले. कोटिंगवाल्याकडे एकट्या दुकट्या भागाला नंबर लागत नाही, मोठ्या लॉटबरोबर टाकतात, म्हणून आठवडाभर थांबावं लागलं.

तोवर नाना पेठेत जाऊन नटबोल्ट घेतले. स्टेबरोबर आलेले बोल्ट चकचकीत स्टेनलेसचे होते, डोक्यावर ए२-७० लिहिलेले. त्यांची ताकद ७०० मेगापास्कलच्या घरातली, तर ८.८ शिक्क्याच्या साध्या पोलादी बोल्टची ८००. गंज लागत नाही म्हणून स्टेनलेस बरे वाटतात, पण भार घेणाऱ्या खालच्या जागी मी ८.८चेच एम-८ (८ मिलिमीटर जाडीचे) लावले आणि वरच्या, नुसतं धरून ठेवणाऱ्या जागी स्टेनलेस राहू दिले. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की पकड कमी होते, म्हणून चार जास्तीचे घेतले. सगळं मिळून २६० रुपये.

बसवायला नोव्हेंबरच्या एका रविवारी आमच्या गॅरेजवाल्या दादांकडे गेले. गाडी डबल स्टँडवर घेतली. वरचे बोल्ट लागले, मागचे लागले, आणि डाव्या बाजूचा खालचा कान फूटरेस्टच्या ब्रॅकेटपासून सहा मिलिमीटर लांब राहिला. हरवलेल्या स्पेसरची जागा ती. दादा म्हणाले, "ताई, बोल्ट आवळला की ओढून बसतो." बसला असता. पण बोल्टने ओढून बसवलेला पाइप कायम ताणात राहतो, त्यावर बॅगेचं वजन आणि खड्ड्याचा हिसका येतो, आणि तडा जातो तो बरोबर वेल्डिंगच्या कडेला. मी त्यांना हे सांगितलं, त्यांनाही पटलं. शेजारच्या लेथवर सहा मिलिमीटरचे दोन स्पेसर त्याच दुपारी बनवून मिळाले, १२० रुपयांत. ज्याला कुणाला हे काम करायचं आहे त्याने एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे: प्रत्येक बोल्ट हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर भाग जुळलेला नाही, आणि जुळवायचं काम बोल्टचं नव्हे.

म्हणूनच क्रमही महत्त्वाचा. आधी सगळे बोल्ट बोटांनी बसवले, आडवी पट्टी लावली, मग थोडे थोडे करत आवळले. नट सैल होऊ न देणारा निळा लॉकिंग द्रव लावून टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) एम-८ ला २२ ते २५ न्यूटन मीटर. जे बोल्ट गाडीच्या मूळ जागी जातात त्यांचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शेवटी प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटते, लांबूनही दिसते.

हात पोहोचावा म्हणून नंबरप्लेट काढूया अशी सूचनाही आली होती. एचएसआरपीचे (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे) लॉक काढायचे म्हणजे तोडायचे, मग नवीन प्लेटसाठी पुन्हा नोंदणी, पुन्हा तारीख. त्यापेक्षा लहान दांड्याचा पाना शोधण्यात पंधरा मिनिटं गेली ती परवडली.

उष्णतेसाठी उजवीकडे सायलेन्सर आणि बॅग यांच्यात चार बोटांची जागा ठेवली आणि स्टेच्या आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला. मागचं सस्पेन्शन १८० मिलिमीटर दबतं. म्हणून दोन धट्टेकट्टे भाचे मागे बसवून, गाडी दाबून, बॅग चाकाला किंवा मडगार्डला कुठे टेकते का ते टॉर्चने बघितलं. उभ्या गाडीवर मोकळी दिसणारी जागा दबलेल्या गाडीवर दिसते तेवढी राहत नाही.

मग वजनाची चाचणी. कपडे भरून अंदाज येत नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सरळ. दोन्ही बाजूंना आठ-आठ लिटर. स्टेच्या कागदावर एका बाजूची मर्यादा १० किलो होती, तिच्या आतच राहायचं ठरवलं. उजवी बॅग बाहेर सरकलेली असल्याने तेवढ्याच वजनाने गाडी उजवीकडे झुकल्यासारखी वाटत होती. उजवीकडचं दीड किलो डावीकडे नेल्यावर हँडल सरळ आलं. मागच्या शॉकअबची रिंग सी-आकाराच्या पान्याने घट्ट केली. आम्ही दोघं आणि सामान धरून गाडी एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ६० मिलिमीटरच्या आसपास दबावी, असा अंदाज ठेवला. मागच्या आसापासून वरच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत टेपने आधी आणि नंतर मोजलं. मागचा भाग बसला की हेडलाइट आकाशाकडे बघतो, तोही खाली घ्यावा लागला. टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर नव्हे, दोघं आणि सामान यासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर.

बाटल्या भरूनच ताम्हिणीला जाऊन आलो. परतल्यावर बघितलं तर डाव्या वरच्या एका नटाची पांढरी रेघ तुटलेली होती, पाव वळसा फिरला होता. पावडर कोटिंगचा थर दबून जागा झाली की असं होतं. पाना लावला, रेघ नवी ओढली. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर हे तपासणं अजिबात टाळू नका.

डिसेंबरच्या मध्यावर निघालो. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वीला बोटीत गाडी चढवताना पहिल्यांदा रुंदीचा अर्थ कळला. गाड्या एकमेकींना घासून लावतात आणि बोटीवरचा माणूस हाताने "अजून आत" सांगत राहतो. आतली बॅग शेजारच्या स्कूटरला टेकली, दबली, काही झालं नाही. तिथे पेटी असती तर कुणाचा तरी रंग गेला असता. केळशी ते आंजर्ले रस्त्यावर जांभ्याच्या गडग्यांमधून समोरून एसटी आली की एका बाजूला उभं राहावं लागतं, तेव्हा हँडलएवढीच रुंदी ठेवल्याचं समाधान फार वाटलं. दाभोळहून धोपाव्याला जाताना जेट्टीचा उतार ओला होता. तिथे नवऱ्याला उतरवून मी एकटीने गाडी चढवली. सामानासकट गाडी ओल्या उतारावर चढवायची तर मागे माणूस नसलेलाच बरा.

आणखी दोन उपयोगाच्या गोष्टी त्या प्रवासातल्या. जड वस्तू, म्हणजे पंक्चरचं सामान, कुलूप, पाणी, बॅगेच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात; कपडे वर. आणि बॅगेवरच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नये. आत साधी जाड प्लास्टिकची पिशवी तोंड गुंडाळून ठेवावी. डिसेंबरात पाऊस नव्हता, पण गुहागरच्या किनाऱ्यावरची बारीक वाळू आणि कुंभार्ली घाटातली धूळ प्रत्येक चेनमधून आत शिरते. उंब्रजला हायवेला लागल्यावर एवढंच जाणवलं की बॅगांना वारा लागतो. ट्रकला ओलांडताना गाडी आधीपेक्षा जास्त ढकलली जाते, म्हणून ऐंशीच्या पुढे जायचा मोह आवरला.

परत आल्यावर राहिलेलं काम म्हणजे विमा. जानेवारीत पॉलिसीचं नूतनीकरण होतं. फॉर्मवर "नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज" असा रकाना असतो, तो बहुतेकजण रिकामा सोडतात. स्टे आणि बॅगांची रक्कम तिथे भरली, जीएसटी बिलं जोडली, बसवलेल्या अवस्थेतले चारही बाजूंचे फोटो दिले. दोन दिवसांनी फोन आला: बॅगा काढता येतात, म्हणून त्या धरत नाहीत, स्टे धरतो. बॅगांची रक्कम वजा करून फॉर्म पुन्हा भरला. प्रीमियममध्ये पडलेला फरक किरकोळ होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पॉलिसी मेलवर आली, तिच्यात स्टेची रक्कम वेगळ्या ओळीत छापलेली आहे. तुमच्या पॉलिसीत ती ओळ शून्य दिसत असेल तर नूतनीकरणाआधीच कंपनीला लिहा, कारण दाव्याच्या वेळी ती ओळच बघितली जाते.